कॅल्शियम स्कोअरचा हिशेब

रेडिओलॉजिस्ट म्हणून मी ज्या रीतीने हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजते, ती १९९० सालची आहे. ती घडवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

धमन्यांतलं कॅल्शियम त्याआधीही फ्लुरोस्कोपीत दिसे, पण किती आहे ते नेमकं सांगता येत नसे. हृदय हलतं राहतं, आणि जुन्या सीटीची नळी रुग्णाभोवती फिरून येईपर्यंत चित्र पुसट होई. कॅलिफोर्नियातल्या डग्लस बॉइड यांनी नळी फिरवणंच सोडून दिलं. त्यांच्या यंत्रात इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून टंगस्टनच्या कड्यांवरून सरकवत. एक छेद सेकंदाच्या दहाव्या भागात टिपला जाई.

मायामी बीचच्या माउंट सायनाय रुग्णालयात आर्थर अॅगॅटस्टन, वॉरन जानोविट्झ आणि सहकाऱ्यांनी असं यंत्र वापरून ५८४ जणांची तपासणी केली. छेद ३ मिलिमीटरचे. सीटीत दाटपणा मोजण्याच्या हाउन्सफील्ड एककात १३० पासून पुढचा, निदान १ चौरस मिलिमीटरचा प्रत्येक ठिपका धरायचा. त्याच्या क्षेत्रफळाला सर्वांत दाट जागेनुसार गुणायचं: २०० च्या आत असेल तर १ ने, मग २, मग ३, आणि ४०० पासून पुढे ४ ने. सगळ्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. ३९९ ला तीन आणि ४०० ला चार, इतक्या ठोकळ पायऱ्या! पण कागदावर पडताळता येईल असा उघडा हिशेब होता, म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं.

खरी कसोटी मेसा अभ्यासात लागली. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या या अभ्यासात हृदयविकार नसलेले, ४५ ते ८४ वयाचे ६,८१४ लोक होते. २००८ मध्ये निष्कर्ष आला: स्कोअर ३०० च्या वर असणाऱ्यांना हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यूचा धोका शून्यवाल्यांच्या जवळपास सातपट.

पुढे २०१४ मध्ये याच अभ्यासातून दिसलं की कॅल्शियमचं आकारमान सारखं असेल, तर जास्त दाट कॅल्शियमवाल्यांना धोका कमी. म्हणजे दाटपणासाठी गुण वाढवणारा तो गुणाकार उलट्या दिशेचा! तरीही सूत्र बदललं नाही, कारण वर्षानुवर्षांची सगळी तुलना त्याच आकड्यांवर उभी आहे. मला हे पटतं. पण धमन्यांतले कॅल्शियम नसलेले मऊ थर या स्कॅनमध्ये मोजलेच जात नाहीत, म्हणून शून्य आला तरी धूम्रपान करणाऱ्याच्या आणि मधुमेह्याच्या रिपोर्टखाली मी तसं स्पष्ट लिहिते.