पाणी उतरलं की दिसणारं गाव

मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, आज एका गावाविषयी बोलू.

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवणहून इंदापूरकडे येताना पळसदेव लागतं. एसटीतून दिसतं ते नवं गावठाण. जुनं पळसदेव भीमेच्या काठाला होतं, ते उजनीच्या पाण्याखाली गेलं. धरण 1980 साली पुरं झालं, पण पाणी त्याआधीच चढू लागलं होतं. काठची काळी रानं, वाडे, पार आणि पळसनाथाचं जुनं देऊळ, सगळंच त्यात गेलं. इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा तालुक्यांतली कितीतरी गावं अशीच उठली. त्याच पाण्यावर आज आपला ऊस उभा आहे, हेही खरंच.

2024 च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं आणि देऊळ पुरतं उघडं पडलं. आम्ही गटातल्या बाराजणी पाहायला गेलो. सोबत एक आजी होत्या, लग्न होऊन जुन्या गावातच आलेल्या. भेगाळलेल्या गाळातून चालताना त्या मध्येच थांबल्या अन् म्हणाल्या, "हितं आमची चूल व्हती." तिथं आम्हाला नुसता गाळच दिसत होता.

देवळाचं शिखर विटांचं आहे. इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं आहे, त्या गवंड्यांना हात जोडावेत. पण आम्ही जास्त वेळ रेंगाळलो ते कोरीव दगडांपाशी. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाची आठवण. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई किंवा पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि टोकाला चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर नाव राहील, असा त्याचा अर्थ.

सतीच्या दगडावर मात्र कोपरात वाकलेला एक हात असतो, पंजा वर केलेला, मनगटात बांगड्या. आमच्यातली एक सवयीने हळदकुंकू काढायला लागली, तर दुसरी म्हणाली, "हिला कुणी इचारलं आसंल का गं?" सगळ्याच गप्प झालो. सतीबंदीचा कायदा 1829 साली झाला, हे आम्ही तिथंच सांगितलं. तिची पूजा करावी असं आम्हाला वाटत नाही, पण तो दगड फोडूही नये. त्या बाईची तेवढीच खूण उरलीय.

असे दगड तुमच्याही गावात असतील. मारुतीच्या देवळामागे बघा, वेशीजवळ बघा. कुठं त्यांना ऑइलपेंट फासलाय, कुठं त्यांच्यावर धुणं आपटतात. (आमच्याच आळीतल्या एका दगडावर आम्ही वर्षानुवर्षं गोधड्या धुतल्या, आता काय सांगायचं!) रंग लावू नका, जागेवरून हलवू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या म्हातारीला विचारून गटाच्या वहीत लिहा: जुन्या गावात पाणवठा कुठं होता, कुणाच्या वाड्यात जातं होतं, जत्रेला कोण कुठून यायचं. सातबाऱ्यावर यातलं काही सापडत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात धरण भरलं. आजींना सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, पिकाचं भागलं." मग थोड्या वेळाने हळूच विचारलं, "शिखर दिसतंय का गं अजून?"