पटावरचे नाव : ब्रिटिश सैनिकांच्या बायका आणि त्यांची रोजी

१/ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पलटण परदेशी निघाली की सैनिकांच्या बायकांना चिठ्ठ्या उचलाव्या लागत. काहींवर ‘जाणे’, काहींवर ‘न जाणे’. त्या चिठ्ठीवर नवऱ्याची सोबत ठरे आणि बाईची रोजीही.

२/ सैनिकाला लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे. ती मिळाली तरच बायकोचे नाव पलटणीच्या पटावर चढू शके. मोहिमेवर शंभर सैनिकांमागे साधारण ६ बायका नेल्या जात. हिंदुस्थानात येणाऱ्या पलटणींना सुमारे १२.

३/ पटावरच्या बाईला बराकीत पडद्याआडचा कोपरा, मोहिमेवर अर्धा शिधा आणि मुख्य म्हणजे काम मिळे : सैनिकांचे कपडे धुणे, शिवणकाम, रुग्णांची शुश्रूषा. शिपायाचा रोज १ शिलिंग, त्यातही कपात. धुण्याच्या पैशांवरच संसार तगे.

४/ ‘न जाणे’ आले की निवारा, शिधा आणि काम एकदमच सुटे. गावोगाव हिंडलेल्या बाईला ओळखीचे गिऱ्हाईक कुठले? अनेकींच्या वाट्याला पॅरिशची तुटपुंजी मदत किंवा अनाथगृहासारखे वर्कहाउस येई.

५/ ‘जाणे’ आलेलीचाही प्रश्न सुटत नसे. पुणे, खडकीसारख्या छावण्यांत कपडे धोबी धूत; तिचा हक्काचा धंदा इथे उरत नसे. १८४० पासून पलटणीच्या शाळेत शिक्षिकेचे पद निर्माण झाले. पण ते शिकलेल्या एखादीलाच मिळणार.

६/ नवरा मेला की ठरावीक मुदतीनंतर पटाचा आधार तुटे. म्हणून कित्येक विधवा त्याच पलटणीत लगोलग पुनर्विवाह करीत. समकालीनांनी यावरून त्यांना नावे ठेवली. वास्तविक तो पोटाचा प्रश्न होता.

७/ १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या विधवा व अनाथ मुलांसाठी लोकवर्गणीतून ‘पॅट्रिऑटिक फंड’ उभा राहिला. १८८५ मध्ये जेम्स गिल्डी यांनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली. साध्या शिपायाच्या युद्धविधवेला सरकारी निवृत्तिवेतन मात्र १९०१ मध्ये मिळाले, तेही पटावरच्याच.

८/ १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, लाखो विवाहित पुरुषांची गरज पडली, तेव्हा कुठे पटाबाहेरच्या बायकांनाही भत्ता लागू झाला. तोवर शतकभर या स्त्रिया सैन्यासाठी राबल्या. पण त्यांचे काम टिकणार की जाणार, हे नवऱ्याच्या नावापुढच्या एका नोंदीवर ठरत राहिले.