कागदाची घडी आणि नवकोनाचे कोडे

पावसाच्या पहिल्या सरीबरोबर वहीचे पान फाडून त्याची होडी केली नाही, असा मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. ती होडी करताना आपण आयताचे दोन समान भाग केले, काटकोन दुभागला, समद्विभुज त्रिकोण घडविला, हे मात्र आपणांस कोणी सांगितले नव्हते. पुढे शाळेत भूमितीच्या तासाला हीच कामे कंपास घेऊन करावयाची वेळ आली, तेव्हा ती आपल्या जुन्या ओळखीची आहेत हे आपल्यालाही उमगले नाही. खेळ एका खोलीत राहिला आणि शास्त्र दुसऱ्या खोलीत. या दोन खोल्यांमधले दार ज्याने उघडले, आणि दार उघडूनही ज्याचे एक पाऊल उंबरठ्याच्या अलीकडेच राहिले, अशा एका भारतीय गृहस्थाची हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे.

या गृहस्थांचे नाव तंडलम सुंदरराव. इंग्रजी पुस्तकांत त्यांचे नाव ‘रो’ असे वाचावे लागेल अशा अक्षरांनी छापलेले आढळते. तो ‘रो’ म्हणजे आपला ‘राव’च होय. ते मद्रासेकडील, सरकारी नोकरीतले. 1893 साली मद्रासच्या ॲडिसन आणि कंपनीने त्यांचे एक लहानसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. कागदाच्या घड्या घालून भूमिती कशी करावी, हा त्याचा विषय. विद्यापीठातले आसन नाही, संशोधनसंस्थेचा आश्रय नाही. कचेरीचे काम सांभाळून एक मनुष्य रंगीत कागदांचे चौरस दुमडीत बसतो आणि त्यातून चौदा प्रकरणांचा ग्रंथ उभा करतो, हे चित्र आम्हांस फार मोलाचे वाटते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कागदाच्या घड्या म्हटल्या की आपणांस जपान आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. ‘ओरिगामी’ हा शब्दच जपानी. घडी घालणे आणि कागद या दोन शब्दांचा तो जोड. कागदी क्रौंच पक्षी कसे घडवावेत हे सांगणारे पुस्तक तेथे 1797 सालीच छापले गेले होते. परंतु सुंदररावांकडे ही विद्या जपानहून आली नाही, ती आली जर्मनीहून. फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने बालोद्यानाची जी पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू केली, तीत मुलांच्या हाती द्यावयाच्या साधनांमध्ये कागदाच्या घड्याही होत्या. त्या साधनांची पेटी हिंदुस्थानात मिळू लागली होती. तिच्यात रंगीत कागदांचे दोनशे चौरस असत. या पेटीवरूनच आपणांस कल्पना सुचली, असे सुंदररावांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. लहान मुलांच्या खेळण्याकडे पाहून युक्लिडची आठवण होणे, ही गोष्ट सर्वांच्याच वाट्याला येत नाही.

त्याच प्रस्तावनेत आणखी दोन विधाने आहेत, आणि आमच्या कथेचे बीज त्यांत आहे. पहिले असे की, या अभ्यासाला गणिती उपकरणे लागत नाहीत. एक चाकू आणि कागदाचे कपटे पुरेत, कारण कागदाचा चौरस स्वतःच पट्टीचे आणि गुण्याचे काम करतो. दुसरे असे की, रेषा आणि कोन विभागणे, लंब आणि समांतर काढणे ही कामे घडीने कंपासापेक्षाही सोपी होतात. मात्र घडीने वर्तुळ काढता येत नाही, त्यावरचे बिंदू तेवढे मिळविता येतात. सुंदररावांनी कागदाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले ते यावरून कळते. कागद हा पट्टीचा आणि कंपासाचा बदली कामगार, आणि तोही एका बाबतीत थोडा उणा, अशी त्यांची समजूत होती.

पुस्तक मद्रासेतच राहिले असते. पण 1895 साली जर्मनीतील थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी प्राथमिक भूमितीतील निवडक प्रश्नांवरची आपली व्याख्याने प्रसिद्ध केली आणि त्यांत या मद्रासी पुस्तकाचा आदराने उल्लेख केला. बेमन आणि स्मिथ या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी क्लाइनच्या ग्रंथाचे 1897 साली इंग्रजी भाषांतर केले. त्या उल्लेखामुळे सुंदररावांचे पुस्तक त्यांच्या नजरेस आले, आणि 1901 साली शिकागोच्या ओपन कोर्ट या प्रकाशनसंस्थेतर्फे त्यांनी ते संपादून पुन्हा छापले. एका ओझरत्या उल्लेखाच्या पाठीवर बसून पुस्तक समुद्रापार गेले.

आता या घटनेतला योगायोग पाहा. क्लाइनची ती व्याख्याने होती कशावर? ग्रीकांनी मागे ठेवलेल्या तीन प्रसिद्ध कोड्यांवर: घनाची दुप्पट करणे, कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणे आणि वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे. केवळ पट्टी आणि कंपास घेऊन यांतले एकही काम होणे शक्य नाही, हे त्यांत समजावून दिले होते. पहिल्या दोन कोड्यांचा निकाल पिएर वान्त्झेल या फ्रेंच गणितीने 1837 सालीच लावला होता. पट्टी-कंपासाने फार तर वर्गमुळे काढता येतात, एकामागून एक हवी तितकी. घनमूळ त्यांच्या आटोक्यात नाही, आणि कोनाचे त्रिभाजन हा तर आतून त्रिघाती समीकरणाचाच प्रश्न आहे. ज्या ग्रंथात हे अशक्यत्व मांडले, त्याच ग्रंथात कागदाच्या घड्यांचाही उल्लेख यावा, आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध लावून पाहावा असे क्लाइनसारख्यालाही सुचू नये! तेव्हा सुंदररावांना दोष देण्याचा आमचा मुळीच मानस नाही.

त्यांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका मात्र वाचण्यासारखी आहे. चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, आणि मग एकदम अष्टकोन. सात गाळलेले. आठानंतर नवकोन आहे. पण त्या प्रकरणात लेखकाने प्रामाणिकपणे सांगून टाकले आहे, की घडीने कोनाचे तीन भाग बऱ्यापैकी अचूक करता येतात आणि त्यामुळे नवकोनही अदमासे तयार होतो. बाकी पुस्तकभर जो हात रेघेवर रेघ बसवीत आला, तो येथे अदमासावर आला. याचे कारण उघड आहे. सुसम नवकोनाला मध्याशी 40 अंशांचा कोन लागतो; 120 अंशांचे तीन सारखे भाग केल्याशिवाय तो मिळत नाही; आणि त्रिभाजन तर अशक्य कोटीतले. ते अशक्य आहे ते पट्टी-कंपासाला. कागदाला काय शक्य आहे, हा प्रश्न वेगळा होता आणि तो कोणी विचारलाच नव्हता.

आम्हांस चुटपुट लागते ती पुढच्या प्रकरणांमुळे. तेराव्या प्रकरणात अन्वस्त काढण्याची कृती दिली आहे. कागदावर एक बिंदू ठरवावयाचा. कागदाची एक कड ही स्थिर रेषा. त्या कडेवरचा एकेक बिंदू उचलून ठरविलेल्या बिंदूवर आणावयाचा आणि घडी दाबावयाची. प्रत्येक घडीने वक्रावरचा एक बिंदू मिळतो. आणि सुंदरराव येथे एक वाक्य जोडतात: घडीची रेघ ही त्या बिंदूपाशी वक्राची स्पर्शिकाही असते. म्हणजे, एखाद्या बिंदूला एखाद्या रेषेवर नेणारी प्रत्येक घडी ही एका अन्वस्ताची स्पर्शिका असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. येथून पुढे विचारावयाचा प्रश्न एकच: दोन बिंदू दोन रेषांवर एकाच घडीने नेले तर? तसे झाले, तर ती घडी दोन अन्वस्तांची सामाईक स्पर्शिका होईल. अशा सामाईक स्पर्शिका तीनपर्यंत असू शकतात. जेथे तीन उत्तरे संभवतात तेथे त्रिघाती समीकरण आलेच, आणि कंपासाचे राज्य संपले.

हा प्रश्न विचारला इटलीतील फेरारा विद्यापीठाच्या प्राध्यापिका मार्गारीता बेलोक यांनी, 1936 साली. म्हणजे सुंदररावांच्या पुस्तकानंतर त्रेचाळीस वर्षांनी. त्यांच्यापुढे एदुआर्द लिल या ऑस्ट्रियन लष्करी इंजिनियराची 1867 सालची एक युक्ती होती. समीकरणातल्या सहगुणकांइतक्या लांबीच्या रेषा काटकोनात वळत वळत काढावयाच्या, आणि त्यांच्यावर आपटत, पुन्हा काटकोनातच वळणारी दुसरी वाट अशी शोधावयाची की दोन्ही वाटांचा शेवट एकाच ठिकाणी व्हावा. ती वाट सापडली की तिच्या उतारावरून समीकरणाचे उत्तर मिळते. लिलला ती वाट चाचपडत शोधावी लागे. त्रिघाती समीकरणाच्या बाबतीत कागदाची एक घडी ती नेमकी दाखविते, हे बेलोकबाईंनी ओळखले. दोन बिंदू, दोन रेषा आणि एक घडी. घनाची दुप्पट करण्याचे ग्रीकांचे कोडेही या घडीने सुटते.

हे नुसते ऐकून पटणारे नव्हे. ज्यांच्या हाती व्याख्यानमालेची कार्यक्रमपत्रिका असेल, त्यांनी तिचा जास्तीचा पट्टा फाडून चौरस करून घ्यावा. खालच्या डाव्या कोपऱ्याला ‘अ’ म्हणू. ‘अ’मधून वर उजवीकडे जाणारी तिरपी घडी घालावी; खालची कड आणि ही तिरपी रेघ यांमधला कोन आपणांस तिभागावयाचा आहे. आता खालच्या कडेला समांतर अशी एक आडवी घडी घालावी. ती डाव्या कडेला जेथे मिळते त्या बिंदूला ‘क’ म्हणू. मग खालची कड या रेघेवर आणून मधोमध दुसरी आडवी घडी घालावी. तिचा डाव्या कडेवरचा बिंदू ‘ब’. येथवर सारे युक्लिडच्या हद्दीत आहे. आता डावी कड उचलून ती अशी सरकवावी, की ‘अ’ मधल्या आडव्या रेघेवर यावा आणि त्याच क्षणी ‘क’ तिरप्या रेघेवर यावा. दोन्ही जमले की घडी दाबावी, आणि ‘अ’ व ‘ब’ जेथे पडले तेथे खुणा करून कागद उलगडावा. मूळ कोपऱ्यापासून या दोन खुणांमधून दोन रेघा काढल्या, की कोनाचे तीन भाग झाले. अदमासे नव्हे, तंतोतंत.

सिद्धता अवघ्या चार ओळींची आहे. ‘अब’ आणि ‘बक’ ही अंतरे सारखी. ‘अ’ची नवी जागा खालच्या कडेपासून तेवढ्याच उंचीवर. घडी म्हणजे आरसा. मूळ डाव्या कडेशी मधली रेघ काटकोन करते, म्हणून मूळ कोपऱ्यातून ‘ब’च्या नव्या जागेकडे जाणारी रेघही पालटलेल्या कडेशी काटकोनच करणार. त्यामुळे मूळ कोपऱ्याशी तीन काटकोन त्रिकोण एकाला एक लागून बसतात. तिन्ही एकरूप, म्हणून तिन्ही कोन समान. ही कृती हिसाशी आबे या जपानी गृहस्थांची असून ती 1980 साली प्रसिद्ध झाली. 60 अंशांचा कोन कागदावर घडविणे सुंदररावांना येतच होते; या कृतीने त्याचे 20 अंश होतात, 20 ची दुप्पट 40, आणि नवव्या आकृतीवरचा अदमासाचा डाग पुसला जातो.

कोणी कर्मठ येथे आक्षेप घेईल, की कागद सरकवून दोन ठिकाणी डोळा ठेवणे ही भूमिती नव्हे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ग्रीकांनाही सरकविण्याची युक्ती माहीत होती. पट्टीवर दोन खुणा करून ती सरकवीत कोन तिभागण्याची कृती आर्किमिडीजच्या नावावर चालत आलेली आहे. ती परंपरेने दुय्यम मानली, इतकेच. पण पट्टी आणि कंपास एवढीच उपकरणे घ्यावयाची, हा तरी माणसाने घालून घेतलेलाच नियम. नियम बदलला की ‘अशक्य’ची सीमारेषा कोठे सरकते हे पाहणे, हेही गणितच; आणि आमच्या मते विद्यार्थ्याला लवकर कळावयास हवे असे जर काही असेल, तर ते हे. प्रश्न सुटत नाही असे दिसले की आपण आपल्या बुद्धीला बोल लावतो. हातातल्या वस्तूला आणखी काय करता येते, हे विचारावयाचे राहून जाते.

बेलोकबाईंच्या निबंधाची पुढे फारशी आठवण कोणी ठेवली नाही. 1976 साली त्या वारल्या. जाक जुस्तँ या फ्रेंच गृहस्थांनी 1986 साली घडीचे सात मूलभूत प्रकार मांडले, तेही दुर्लक्षिले गेले. 1989 साली इटलीत राहणाऱ्या हुमिआकी हुझिता या जपानी शास्त्रज्ञांनी त्यांतले सहा पुन्हा मांडले, आणि सहावा तोच, बेलोकबाईंचा. त्याच वर्षी घडीविद्येच्या शास्त्रीय अंगावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती, योग असा की, फेरारा शहरीच. पुढे या विद्येचे कौतुक उपग्रहांच्या घडीदार पंखांपर्यंत गेले. ते सर्वांच्या कानी आहेच, म्हणून त्याचा विस्तार आम्ही करीत नाही.

सुंदररावांचे पुस्तक मात्र जिवंत राहिले. 1966 साली न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाने ते पुन्हा छापले, आणि ते आजही वाचले जाते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून आणि कागदाच्या घड्यांतून मुलांना विज्ञान व गणित शिकविले. चाकू आणि कागदाचे कपटे पुरेत म्हणणाऱ्या सुंदररावांना ते कार्य परके वाटले नसते.

राहता राहिला तो सातकोन, जो अनुक्रमणिकेतून गळला होता. तोही त्रिघाती समीकरणावरच अडलेला. कोन तिभागता आला की सुसम सातकोन निघतो, हे अमेरिकेतील अँड्र्यू ग्लीसन यांनी 1988 साली दाखविले, तेव्हा बेलोकबाईंच्या घडीने तोही साधतो. सुंदररावांच्या यादीतली गाळलेली जागा अशी भरली. अकरा बाजूंचा मात्र एका वेळी एकच घडी घालणाऱ्याला दाद देत नाही. त्याला दोन घड्या एकाच क्षणी दाबाव्या लागतात.