चिंबोरी

चिंबोरी : (कुर्ली). खाडी, खाजण व कांदळवन यांच्या चिखलात राहणारा खाद्य खेकडा. संधिपाद संघाच्या कवचधारी वर्गातील दशपाद गणात, पोर्ट्युनिडी कुलातील सायला वंशात त्याचा समावेश होतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत या वंशाचा प्रसार आहे. महाराष्ट्रात पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या सर्व खाड्यांत चिंबोरी आढळते. दक्षिण कोकण व गोव्यात तिला कुर्ली म्हणतात.

‘खेकडा’ हे नाव मराठीत समुद्रातील व गोड्या पाण्यातील अशा दोन्ही प्रकारच्या प्राण्यांना सरसकट लावले जाते. तथापि त्यांच्या जीवनक्रमात मोठा फरक आहे. यवतमाळ जिल्ह्यासारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशात, वर्धा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील ओढ्यांच्या काठी बिळे करून राहणारे खेकडे गेकार्सिन्यूसिडी या वेगळ्या कुलातील आहेत. त्यांच्या अंड्यांतून थेट लहान खेकडेच बाहेर पडतात व ते काही काळ मादीच्या उदराखाली राहतात. त्यामुळे त्यांचे सर्व आयुष्य एकाच ओढ्यात पुरे होऊ शकते. चिंबोरीला मात्र वाढण्यासाठी खाडी व अंडी उबविण्यासाठी समुद्र अशी दोन्ही ठिकाणे लागतात. तिच्या संरक्षणाचा प्रश्न मुख्यत्वे या दुहेरी गरजेतून उद्‌भवला आहे.

नामकरणाचा इतिहास : या खेकड्याचे पहिले शास्त्रीय वर्णन पेटर फॉर्स्कल या निसर्गवैज्ञानिकाने केले. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेत तो होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मोहिमेतील एकमेव वाचलेला सदस्य कार्स्टेन नीबूर याने त्याची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली व त्यांतून ‘सेराटा’ हे जातिनाम शास्त्रात आले. हाच नीबूर परतीच्या प्रवासात १७६३–६४ मध्ये मुंबईस राहिला होता. हेर्ब्स्ट याने १७९६ मध्ये ‘ऑलिव्हेशिया’ व फाब्रिसियस याने १७९८ मध्ये ‘ट्रँक्वेबारिका’ या जातींचे वर्णन केले. यांपैकी दुसरे नाव तमिळनाडूतील तरंगमबाडी (ट्रँक्वेबार) या तत्कालीन डॅनिश वसाहतीवरून पडले आहे. सायला हा वंश दे हान याने १८३३ मध्ये स्थापिला.

भारतीय खेकड्यांचा पहिला विस्तृत आढावा कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील ॲल्फ्रेड अल्कॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतला. महाराष्ट्राच्या दृष्टीने बी. एफ्. छापगर यांचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. तेथे काम करणाऱ्या छापगर यांनी तत्कालीन मुंबई राज्यातील सागरी खेकड्यांचे सचित्र वर्णन १९५७ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या वंशात जाती किती, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. फिलिपीन्समध्ये एस्टांपादोर यांनी १९४९ मध्ये तीन जाती व एक उपप्रकार मानला, तर ऑस्ट्रेलियात स्टीव्हन्सन व कँबेल यांनी १९६० मध्ये सर्वांना एकच जाती ठरविले. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही व मान यांनी शरीररचना व आनुवंशिक पुरावे यांच्या आधारे सेराटा, ट्रँक्वेबारिका, ऑलिव्हेशिया व पॅरामॅमोसेन या चार जाती निश्चित केल्या. भारतात दोन प्रकार पूर्वीपासून ज्ञात होते. पण मोठ्याला ट्रँक्वेबारिका व लहानाला सेराटा म्हणण्याची रूढी होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आनुवंशिक अभ्यासांवरून मोठा प्रकार हा सेराटा व लहान प्रकार हा ऑलिव्हेशिया असल्याचे स्पष्ट झाले.

हा केवळ नावाचा वाद नाही. सेराटाचे वजन २ किग्रॅ.पर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक होते. ऑलिव्हेशिया पुष्कळ लहान असते व लहान आकारमानातच प्रजननक्षम होते. लहान जातीवरून ठरविलेली आकारमर्यादा मोठ्या जातीला लावल्यास तिची पिल्ले अंडी घालण्यापूर्वीच पकडली जातात. जुन्या भारतीय अहवालांतील ‘सेराटा’विषयीची मापे वापरताना ती कोणत्या जातीची आहेत हे म्हणूनच आधी तपासावे लागते. सेराटाच्या नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूस दोन ठळक काटे असतात व सर्व पायांवर जाळीदार नक्षी असते. ऑलिव्हेशियात असे दोन ठळक काटे नसतात व नांग्या तपकिरी-तांबूस असतात.

जीवनवृत्त : चिंबोरी दिवसा बहुधा बिळात वा चिखलात दडून राहते व रात्री शिंपले, गोगलगायी, लहान खेकडे, मृत मासे इ. खाते. कवच ताठर असल्याने वाढीसाठी तिला वेळोवेळी कात टाकावी लागते. नव्याने कात टाकलेली चिंबोरी मऊ व आतून पाणचट असते आणि तिला बाजारात भाव मिळत नाही. अमावस्येच्या सुमारास चिंबोऱ्या भरलेल्या असतात, असा किनाऱ्यावर समज आहे.

मादीने कात टाकताच समागम होतो. त्यापूर्वी काही दिवस नर तिला आपल्याखाली धरून ठेवतो. मादी शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते. अंडी घालण्यासाठी ती खाडी सोडून समुद्रात जाते. एका वेळी घातलेल्या अंड्यांची संख्या दहा लाखांहून पुष्कळ अधिक असते. उदराखाली चिकटलेली ही अंडी प्रथम नारिंगी असतात व उबण्याच्या सुमारास काळपट होतात. सुमारे दोन आठवड्यांत झोइया हे डिंभ बाहेर पडतात. झोइयाच्या पाच अवस्थांनंतर मेगॅलोपा ही अवस्था येते. त्यानंतर तयार झालेले लहान खेकडे खाडीच्या उथळ पाण्यात, कांदळवनाच्या मुळांशी वाढतात. डिंभांपैकी फारच थोडे या टप्प्यापर्यंत जगतात.

मासेमारी व संवर्धन : आमिष बांधलेले गोल जाळे ओहोटीच्या पाण्यात सोडणे व लोखंडी आकडीने बिळातून खेकडा ओढून काढणे, या पद्धती कोळी व इतर खाडीकाठच्या समाजांत चालत आल्या आहेत. चिंबोरी पाण्याबाहेर ओलसर जागी काही दिवस जिवंत राहते. या गुणामुळे १९८० नंतरच्या दशकात आग्नेय आशियाकडे जिवंत खेकड्यांची निर्यात वाढली व पूर्वी खाडीकाठच्या बाजारात खपणारा प्राणी दूरच्या बाजारपेठेचा माल झाला.

मलेशियात ओंग यांनी १९६४ मध्ये चिंबोरीच्या डिंभांच्या अवस्था प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे वर्णन केले. भारतात चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवसंवर्धन संस्थेने व पुढे राजीव गांधी जलजीवसंवर्धन केंद्राने बीजनिर्मितीचे तंत्र विकसित केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबविलेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पात व नंतर राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेत (२०१७) खेकडापालनास साहाय्य देण्यात आले. यातील मर्यादा अशी की, उबवणी केंद्रातील बीज पुरेसे न मिळाल्यास तळ्यांत सोडण्यासाठी खाडीतील पिल्लेच गोळा केली जातात. अशा वेळी संवर्धनाने नैसर्गिक साठ्यावरील भार कमी न होता वाढतो. पोकळ खेकडे काही आठवडे खाऊ घालून पुष्ट करण्याच्या पद्धतीत हा दोष कमी आहे. परंतु चिंबोऱ्या परस्परांना खात असल्याने त्यांना वेगवेगळे ठेवावे लागते.

संरक्षण : चिंबोरीच्या अधिवासाचा संकोच जुना आहे. शेतीसाठी खाजणांना बांध घालण्याची कोकणातील परंपरा १९४८ व १९७९ च्या खारभूमीविषयक कायद्यांनी शासकीय कार्यक्रम बनली. मुंबई व ठाणे परिसरात नागरी भरावामुळे खाजणे नष्ट झाली. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने कांदळवनांना काही संरक्षण मिळाले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या अंतिम निर्णयात ती कायम ठेवली. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यात ३२४ चौ. किमी. कांदळवन होते.

हे सर्व उपाय वनस्पतींच्या रक्षणासाठी योजलेले असून चिंबोरीला त्यांचा लाभ अप्रत्यक्षपणे होतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये पावसाळ्यात घातली जाणारी बंदी यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीसाठी आहे. चिखलात हाताने वा आकडीने खेकडे धरणाऱ्यांशी तिचा संबंध येत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मादी चिंबोरी पकडण्यास मनाई आहे व नरासाठी किमान आकारमान ठरविलेले आहे. कोकणात असा नियम प्रभावी होण्यासाठी दोन जाती वेगळ्या ओळखून त्यांची मापे स्वतंत्रपणे ठरविणे, अंडी असलेली मादी व लहान पिल्ले परत सोडणे, आणि खाडीची मुखे मोकळी राखणे आवश्यक आहे. कांदळवन शाबूत असले, तरी समुद्राकडे जाणाऱ्या माद्या वाटेतच पकडल्या गेल्या, तर खाडीत नवी पिढी पुरेशा संख्येने परत येत नाही.