भीतीने लिहिलेला कायदा

गुन्हा एक माणूस करतो, पण बदनामी पुष्कळदा जमातीच्या वाट्याला येते. आपल्यातल्या कोणी चोरी केली तर आपण त्याचे नाव घेतो. परक्याने केली तर त्याची जात विचारतो. मनाची ही खोड जुनी आहे. इंग्रज सरकारने तिचा कायदा केला.

१८३० च्या दशकात विल्यम स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम उघडली. वाटसरूंचे खून पडत होते, ही हकीकत होती. पण १८३६ च्या कायद्याने नवा पायंडा पाडला. आरोपी ठगांच्या टोळीतला होता एवढे ठरले की जन्मठेप. त्याने कोणाला, कधी मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. १८३९ मध्ये मेडोज टेलरची कादंबरी आली. तिचा नायक अमीर अली नावाचा ठग. हिंदुस्थानची वाट कधी न तुडवलेले वाचकही ठगाला भिऊ लागले आणि तो शब्द इंग्रजीत कायमचा राहिला.

पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. जमातीच्या जमाती सरकारी नोंदवहीत चढल्या. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही. जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचीही सोय नव्हती. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडण्याची मुभा दिली. १९११ च्या कायद्याने हे जाळे देशभर पसरले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. या यादीत पारधी, कैकाडी, भामटा होते, तसे आपले छप्परबंदही होते. छपरे शाकारणाऱ्यांची ही मुसलमान जमात. तिच्यावर खोटी नाणी पाडणाऱ्यांचा शिक्का बसला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे, म्हणजे मुक्तीनंतर ३५ वर्षांनी; तरी त्यात पोलिसांचा धाक पानोपानी आहे. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदी होत्या. त्या घटनाबाह्य ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साल उजाडावे लागले.

कायदा एका दिवसात रद्द होतो. मनातली नोंदवही मात्र बापाकडून मुलाकडे जाते. नावावरून संशय घेतला जाणे म्हणजे काय, हे मुसलमान वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो. गावाबाहेर पारध्याचे पाल पडले आणि त्याच रात्री चोरी झाली, तर पहिले बोट कुठे जाते? इन्साफ मागणाऱ्याला तो द्यावाही लागतो. "तू कोण?" याआधी "तू काय केलेस?" हे विचारायला शिकणे, एवढेच त्याचे पहिले पाऊल.