डोंगरीच्या डांगरीपासून दिवाणखान्यापर्यंत

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून समुद्र दिसत नाही. तरीही येथील कामगारांच्या अंगावरील डांगरीचे नाते थेट बंदराशी आहे. मुंबईच्या डोंगरी भागातील जाड्याभरड्या सुती कापडाला त्या ठिकाणाचेच नाव मिळाले आणि सतराव्या शतकापासून ते इंग्रजीतही रूढ झाले. शिडांसाठी आणि खलाशांच्या कपड्यांसाठी हे कापड वापरले जाई. पुढे तेच नाव कामाच्या पोशाखाला चिकटले. तेव्हा मॉलमध्ये ‘नॉटिकल’ म्हणून मिरवणारी सागरी शैली येथे वाटते तितकी परकी नाही.

या शैलीतील आडवे पट्टे मात्र युरोपातले. फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये खलाशांच्या सदऱ्याचे माप ठरवून दिले : पांढरा पट्टा २० मिलिमीटर, निळा १० मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोको शॅनेलने तो स्त्रियांच्या फॅशनमध्ये आणला. पांढरे अधिक, निळे कमी, हे प्रमाणच त्याच्या देखणेपणाचे रहस्य आहे. पट्टे रुंद आणि भडक झाले, की आपल्याकडे खलाशाऐवजी गावाकडच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीची आठवण होते!

पट्टेरी सदऱ्यासोबत बाकीचे कपडे साधे, एकरंगी असावेत. दिवसभर कंपनीचा निळा गणवेश घालणाऱ्याने सुटीच्या दिवशी पांढऱ्यावर भर द्यावा आणि निळा रंग बारीक रेघांपुरता ठेवावा. पांढऱ्या सुती साडीला गडद निळा काठ आणि पायात कोल्हापुरी चप्पल एवढ्यानेही तोच परिणाम साधतो, कारण कमावलेल्या चामड्याचा रंग दोरखंडाच्या जवळचा असतो. नांगराचे चित्र, सोनेरी बटणे आणि लाल रुमाल एकाच वेळी वापरले, तर पोशाख बँडपथकाचा वाटू लागतो. हुद्द्याची खरी चिन्हे तर टाळावीतच. नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण देणारे ‘आयएनएस शिवाजी’ जवळच लोणावळ्याला आहे. तो गणवेश कमवावा लागतो. शिवाय आपण नौसैनिक आहोत असे भासवण्यासाठी तसा वेश करणे कायद्याने गुन्हा आहे.

घरात तर हात अधिकच आखडता हवा. दोन खोल्यांच्या सदनिकेत चारही भिंती निळ्या केल्या, तर खोली अंधारी होते. भिंती पांढऱ्या ठेवून निळा रंग उशांचे अभ्रे किंवा सतरंजीत आणावा. पश्चिमेच्या उन्हात तो लवकर विटतो, म्हणून खिडकीचे पडदे फिक्या रंगाचेच बरे. प्लॅस्टिकच्या सुकाणूपेक्षा काथ्याचे पायपुसणे किंवा सुंभाची चौकट असलेला आरसा कोकणच्या अधिक जवळचा. शोभेसाठी जहाज ठेवायचेच, तर चाच्यांच्या काळ्या शिडाच्या गलबताऐवजी कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराबाची लाकडी प्रतिकृती करून घ्यावी. मुलांना तिच्याबद्दल सांगण्यासारखेही पुष्कळ आहे.

जुन्या जहाजांचे कंदील आणि गोल खिडक्या मुख्यतः गुजरातमधील अलंग येथून येतात. तेथे १९८३ पासून जहाजे तोडली जातात. ‘अस्सल पितळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला खरेदीपूर्वी लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वरचा मुलामा पावसाळ्यात सुटू लागेल.