झिजलेली बाजू

माझ्याकडे एक रेकॉर्ड आहे. दहा इंची, ७८ फेऱ्यांची, कडेला टवका उडालेली. तिच्या एका बाजूला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आहे. ही बाजू इतकी वाजली आहे की मूळचा काळा रंग जाऊन तिथे ओल्या फडक्याने अर्धवट पुसलेल्या पाटीसारखा राखाडी पट्टा उरला आहे. दुसरी बाजू उजेडात धरली की अजून चकाकते. आठ वर्षांपूर्वी एका टिपणात मी लिहिलं होतं की ही बाजू माझ्या आजोबांनी झिजवली. ते चूक होतं. कसं चूक होतं ते पुढे येईलच; आधी थोडा इतिहास पाहायला हवा, कारण अशी चूक करणारा मी एकटा नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. सांगलीत एका बँकेच्या काउंटरमागे माझी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. रविवारी पुण्याचा जुना बाजार, सुट्टीत कोणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक, असा माझा अभ्यास. त्यात एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आपल्याकडे संगीताचा इतिहास म्हणजे गाणाऱ्यांचा इतिहास. कोण कोणाचा शागीर्द, कोणी कोणाला चीज दिली, कोणी नाकारली, हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण समोर बसलेल्या माणसांचं काय? ती कोण होती, कुठे बसत, त्यांना आत कोण सोडत असे, घरी गेल्यावर त्यांच्या कानात काय उरत असे? ऐकणं हा आनंद आहे हे सगळेच म्हणतात. तो आनंद कोणाच्या वाट्याला आला, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

ग्रामोफोनच्या आधी चांगलं गाणं ऐकायचं तर अंगाला काहीतरी अधिकार चिकटलेला लागे. दरबारात मानकरी हवं, बैठकीत यजमानाच्या ओळखीचं हवं, कोठीवर खिशात पैसे आणि घरी खोटं सांगायची तयारी हवी. कीर्तन सर्वांना खुलं होतं, देवळातला चौघडा रस्त्यानेही ऐकू येई, आणि जात्यावर बायका स्वतःच गात. पण ख्याल-ठुमरीचं दार अरुंदच. ते थोडं रुंद करण्याचे पहिले संघटित प्रयत्न १८७०च्या आसपास दिसतात. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजींनी पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली; पुढे तरुण भातखंडे तिथेच येऊन ऐकत, शिकत. पुण्यात १८७४ साली बळवंत त्रिंबक सहस्रबुद्ध्यांनी गायन समाज सुरू केला. 'सभ्य' माणसाने उघडपणे गाणं ऐकायला हरकत नाही, हे या संस्थांना आधी पटवून द्यावं लागलं, यातच त्या काळाची कल्पना येते.

खरी गर्दी मात्र नाटकाने जमवली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं. तिकिटाचे पैसे मोजले की कोणाच्याही ओळखीशिवाय रात्रभर गाणं ऐकता येऊ लागलं. याच रंगभूमीने मराठी श्रोत्याला त्याचा सगळ्यात लाडका हक्क दिला: वन्स मोअर. पद आवडलं की ओरडायचं आणि ते पुन्हा म्हणवून घ्यायचं. शकुंतला सासरी निघालेली असो की नायक विरहाने व्याकूळ असो, थांबा, परत म्हणा! नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हा रसभंगच. श्रोत्याच्या दृष्टीने ती त्याची पहिली स्वतंत्र कृती होती, असं मला वाटतं. एकदा ऐकून मन भरत नाही, गाण्यात दुसऱ्यांदा सापडणारं काहीतरी असतं, हे त्याला कळलं होतं. पण वन्स मोअर द्यायचा तर ओरडायला हवं. बायकांसाठी राखलेल्या जागेतून ते कोण ओरडणार?

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला यंत्रं घेऊन उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचं गाणं मेणावर उतरवून घेतलं. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं आणि तीनेक मिनिटांत आटोपायचं. शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत असे. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात. गंमत अशी, की या तबकड्यांत जी लाख असे ती मुख्यतः आपल्याकडची. किड्यांची लाख जहाजाने युरोपात जाई आणि गाणं होऊन परत येई. १९०८ साली कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला आणि हा वळसा संपला.

तीन मिनिटं म्हणजे काय? विलंबित ख्यालात गवयाला षड्ज लावून बसायलाही ती पुरत नाहीत. म्हणून मोठमोठ्यांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. अल्लादियाखाँसाहेबांची रेकॉर्ड नाही. भास्करबुवा बखल्यांची नाही. त्यांचा नकार मला पूर्ण समजतो. पण त्याची किंमत आपण मोजली. आज अल्लादियाखाँसाहेब कसे गात हे जाणायचं तर गोविंदराव टेंब्यांकडे जावं लागतं, म्हणजे एका श्रोत्याकडेच. टेंबे स्वतः मोठे कलावंत होते हे खरं, पण खाँसाहेबांपुढे ते आधी ऐकणारे होते, आणि त्यांनी कान उघडे ठेवून लिहिलं म्हणून काही उरलं. याच नकाराला जोडून एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या खाँसाहेबांनी तबकडीला दाद दिली नाही, त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली.

'यंत्रातलं गाणं ते गाणंच नव्हे' असं म्हणणारे जुने रसिक मी माझ्या लहानपणीही पाहिले आहेत. त्यांचं एका बाबतीत बरोबर होतं. बैठकीत ऐकणारा गाण्यात भाग घेतो. त्याची मान हलते, तोंडून 'क्या बात है' निघतं, आणि त्यावर गवई पुढची जागा घेतो. तबकडीला दाद ऐकू येत नाही. पण या मंडळींनी हिशेबाची दुसरी बाजू पाहिली नाही. तबकडी कोण ऐकतंय हेही पाहत नाही. ती जात विचारत नाही, वय विचारत नाही, बाई आहे की पुरुष हे विचारत नाही. आणि ती हवा तितक्या वेळा वन्स मोअर देते. ओरडावं लागत नाही. साउंडबॉक्स उचलून पिन पुन्हा कडेला ठेवली की झालं.

या शांत वन्स मोअरने काय घडवलं याची दोन उदाहरणं सर्वांना माहीत आहेत, पण ऐकण्याच्या अंगाने ती पुन्हा पाहावीत. गदगचा एक शाळकरी मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी ऐकत उभा राही. असं गाणं आपल्याला यायलाच हवं, या ध्यासाने वयाच्या अकराव्या वर्षी तो घरातून पळाला. ते भीमसेन जोशी. ही आठवण ते स्वतः सांगत. त्या दुकानाच्या फळीपाशी त्याला कोणी हटकलं नाही, याला मी फार महत्त्व देतो. त्याच वयाच्या मुलाला बैठकीत कोणी इतक्या वेळा उभं राहू दिलं असतं?

दुसरं उदाहरण बेळगावजवळच्या सुळेभावीच्या शिवपुत्र कोमकळीचं. हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी, ताना-हरकतींसकट. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला त्या वयातच मिळालं. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्याने मैफल मारली तेव्हा तो बारा वर्षांचाही नव्हता. नुसती नक्कल, असं म्हणून ती मोडीत काढता येते. पण नक्कल करण्याआधी केवढं ऐकावं लागतं! पुढे बी. आर. देवधरांनी त्याला शिकवलं, तेव्हा त्याच्या कानात आधीच अनेक घराणी एका रांगेत बसलेली होती. घराण्याच्या भिंती तबकडीला ठाऊक नव्हत्या, म्हणून त्या मुलालाही त्या जाचल्या नाहीत, असं माझं मत आहे. कोणी खोडून काढलं तर ऐकायला तयार आहे.

कुमारांच्या बाबतीत ऐकणं आणखी एकदा आड आलं, आणि या वेळी यंत्राविना. १९४७ साली त्यांना क्षयाने गाठलं. १९४८च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला गेले. गाणं बंद. पाच-सहा वर्षं या माणसाने अंथरुणावर पडून फक्त ऐकलं: आसपासच्या बायकांची माळव्यातली गाणी, सणावाराची, लग्नाची, भिकाऱ्यांची भजनं, पाखरं. बरे होऊन ते गाऊ लागले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होतं आणि गाणं पार बदललेलं होतं. लोकधुनांतून राग कसे उगवतात याचा त्यांचा विचार, त्यांनी रचलेले धुनउगम राग, १९६५चा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ, या सगळ्याचं मूळ त्या सक्तीच्या ऐकण्यात आहे. संगीताने रोग बरा होतो वगैरे लेख हल्ली बरेच येतात. मला त्यातलं फारसं पटत नाही. क्षय औषधाने बरा झाला. पण गाता न येणाऱ्या गवयाला त्या वर्षांत गवई म्हणून जिवंत कोणी ठेवलं असेल, तर ते त्याच्या कानांनी.

रेडिओचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून इथे तो आवरता घेतो. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तीन वर्षांच्या आत ती खासगी कंपनी बुडाली, आणि १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. तबकडीने एकट्याचं ऐकणं दिलं. रेडिओने एकाच क्षणी सर्वांचं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने 'गीतरामायण' लावलं, वर्षभरात छप्पन्न गीतं. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, याच्या आठवणी घरोघरी आहेत. त्याच दशकात आपले केसकर नभोवाणी मंत्री होते. त्यांनी शास्त्रीय संगीताला मानाची जागा दिली आणि सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावीच लागली. केसकरांची तळमळ खरी होती. पण कान हुकुमाने वळत नाहीत.

आता माझी रेकॉर्ड. आजोबा कचेरीत कारकून होते आणि जमाखर्चाची वही काटेकोर ठेवत. १९३६च्या वहीत चावीच्या फोनोची खरेदी आहे, पुढे एकेक रेकॉर्ड, आणि साधारण वर्षाला एक डबी पिना. एका डबीत दोनशे पिना. दर बाजूला नवी पिन लावायची, असा कंपनीचा दंडक. मी बँकेतला माणूस. भागाकार केला आणि लिहून टाकलं, की आजोबा आठवड्याला चार बाजू ऐकत आणि त्यांतही झिंझोटी त्यांना फार प्रिय असावी. टिपण छापून आलं. अंक आत्याला नेऊन दिला. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "अरे, अण्णा कुठले ऐकायला! पाहुणे आले की ते फोनो काढायचे, मशीन दाखवायला. ही रेकॉर्ड आईची."

"पण पिनांचा हिशेब?"

"पिना मोजलेल्या असायच्या ना. म्हणून ती एकच पिन पंधरा-पंधरा वेळा वापरायची. जुन्या पिना वेगळ्या डबीत, तांदळाच्या डब्यामागे."

बोथट पिन चर खरवडते. राखाडी पट्टा त्याचाच. मी खरेदी मोजली होती. ऐकणं त्या वहीत नव्हतंच. दुपारी घर रिकामं झालं की आजी माजघराची खिडकी लावून घेई, सासूबाई जाग्या होऊ नयेत म्हणून पेटीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबी, आणि तांदूळ निवडत ऐके. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची. "एका जागेवर तिचे हात थांबायचे," ती म्हणाली. "मग उठून परत पहिल्यापासून लावायची. आम्ही बोललो तर रागवायची." आजीने उभ्या जन्मात एक बैठक ऐकली नाही. चार माणसांत ती कधी गुणगुणलीही नाही. मला ती आठवते ती देवाची पितळी भांडी घासताना, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणताना. मी ते स्तोत्र समजत होतो.

ती बाजू मी आता वाजवत नाही, आणखी झिजेल. खाँसाहेबांची तीच ठुमरी मोबाइलवर स्वच्छ मिळते. गेल्या वर्षी आत्याला ती ऐकवली. दोनेक मिनिटं ती गप्प होती. मग तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "हं. इथे."

टिपणाची दुरुस्ती मी त्या नियतकालिकाला कळवली. ती छापून आली नाही. पण जुन्या घरी रेकॉर्डी पाहायला गेलो की फोनो कोणी आणला होता हे आता मी आधी विचारत नाही. पिना कोण बदलायचं, दुपारी चावी कोण द्यायचं, हे विचारतो. बाहेरच्या खोलीतले लोक हसतात. मग बऱ्याचदा स्वयंपाकघरातून कोणीतरी हात पुसत बाहेर येतं.